तिसरी डिस्क

माझी मावशी इमारतींची हाडं काढते. घर बाहेरून कसं दिसावं हे ठरवणारे लोक वेगळे. स्लॅबच्या, खांबांच्या, जिन्यांच्या पोटातून कुठली सळई कशी जाईल, किती जाड, कुठे वाकवायची, हे काँप्युटरवर रेखून देणं मावशीचं काम. वय एकोणसाठ, चण बारीक, बोलणं तुसडं. लग्न केलं नाही. आई म्हणते, "हिला रेघेत बसणारा नवरा हवा होता, तसा अजून कोणी बनवला नाही." दोन खोल्यांचं घर. एकीत झोपते, दुसरीत काम करते.

मी तिची भाची. काँप्युटर जुळवणं आणि दुरुस्त करणं हा माझा धंदा. चौतीस वर्षांची झाले तरी ती मला ठमे म्हणते.

तिचं मशीन मीच जुळवलं होतं, एकेक भाग निवडून. दोन डिस्क घातल्या. एक वेगवान, मशीन सुरू होण्यासाठी; दुसरी मोठी, ड्रॉइंगं साठवायला. पहिल्या दिवशी बटण दाबल्यापासून सतरा सेकंदांत सगळं तयार. मावशीनं एक भुवई वर केली. तिच्याकडून एवढं मिळालं की टाळ्या मिळाल्या असंच समजायचं.

वर्षभरानं तिचा फोन आला. "ठमे, तुझं मशीन म्हातारं झालं."

गेले, बघितलं. बटण दाबलं की पंखे फिरायचे, आणि पडदा काळाच राहायचा. चार-चार मिनिटं. मग एकदाचं सुरू व्हायचं, पण काम करताना मध्येच गोठायचं. मावशी पडद्यावर एखादा मजला फिरवून बघत असायची आणि तो तिरपाच अडकून पडायचा. माउस हलत नाही, अक्षर उमटत नाही. सहा-सात सेकंदांनी सगळं हिसक्यासरशी पुढे सरकायचं, मधे दाबलेल्या सगळ्या कळा एकदम ओकून टाकायचं.

त्या चार मिनिटांत मावशी काय करते तेही मला दिसलं. खुर्चीतून उठून ती मशीनच्या पेटीजवळ, कॅबिनेटजवळ, उभी राहायची. तळहात त्याच्या उजव्या बाजूवर टेकलेला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. नजर जमिनीकडे. मला वाटलं, वैतागली असेल.

मी नेहमीच्या संशयितांपासून सुरुवात केली. सुरू होताना आपोआप उठून बसणारे फालतू प्रोग्रॅम बंद केले. धूळ काढली. प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. चारही रॅम काढून एकेक लावून बघितली. बाहेरच्या केबली बदलल्या. काही फरक नाही. पुढच्या खेपेला वेगवान डिस्क पुसून सिस्टिम पहिल्यापासून टाकली, त्यात अख्खा दिवस गेला. संध्याकाळी बटण दाबलं, पडदा काळा. एक मिनिट, दोन, तीन, चार. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असं चाललं होतं माझं.

हात टेकून मी जमिनीवर बसले होते, म्हणून तो आवाज ऐकू आला. कॅबिनेटच्या आतून, अगदी बारीक. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक, टक. भिंतीपलीकडून कोणी नखानं ठोकावं तसा.

"मावशी, हा आवाज कसला?"

"कुठला?"

"ऐक की. टक टक."

"मला नाही येत ऐकू," ती म्हणाली. तिचा हात बरोबर त्याच जागेवर होता.

मशीन स्वतःची एक रोजनिशी ठेवतं. काय बिघडलं, किती वाजता बिघडलं, सगळं त्यात येतं. कोणी सहसा वाचत नाही. मीही शेवटी, दुसरं काही सुचेना म्हणून उघडली. एकच ओळ शेकडो वेळा लिहिलेली होती. डिस्क उत्तर देत नाही, तिला पुन्हा जागं केलं. डिस्क उत्तर देत नाही, तिला पुन्हा जागं केलं. पुढे डिस्कचा क्रमांक, दोन.

मशीन शून्यापासून मोजतं. शून्य ही पहिली, एक ही दुसरी. दोन म्हणजे तिसरी. आणि मी या मशीनमध्ये दोनच डिस्क घातल्या होत्या.

भर दिवसा, लख्ख उजेडात, माझ्याच हातच्या पेटीत मी न ठेवलेलं कोणी तरी बसलं होतं.

कॅबिनेटची उजवी बाजू मी उघडली. तिकडे फक्त केबली असतात, एरवी कोणी बघत नाही. त्या केबलींच्या मागे एक जुनी, फिरत्या तबकडीची डिस्क स्क्रूंनी पक्की बसवलेली होती. खाली लोकरी कापडाची घडी, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. पिवळ्या पडलेल्या लेबलवर पेन्सिलनं फक्त एक तारीख होती, सोळा वर्षांपूर्वीची.

मावशी दारात उभी होती.

"ही कोणी घातली?"

"मी."

"काय आहे हिच्यात?"

"जुनं आहे काही तरी."

मी तिला समजावलं. ही डिस्क मरायला टेकली आहे. मशीन सुरू होताना सगळ्या डिस्कना हाक मारतं आणि हिच्या उत्तरासाठी थांबून राहतं. तुझा ड्रॉइंगचा प्रोग्रॅमही जुन्या फाइलींच्या खुणा शोधायला अधूनमधून हिच्यात डोकावतो, तेवढ्यापुरतं सगळंच थांबतं. दोष एवढाच. मी दोन केबली उपसल्या, डिस्क टेबलावर ठेवली, बटण दाबलं. सतरा सेकंद.

"बघ!" मी म्हटलं.

मावशीनं पडद्याकडे बघितलंच नाही. ती टेबलावरच्या डिस्ककडे बघत होती.

माझा एक पेचकस तिच्याकडे राहिला म्हणून रविवारी सकाळी मी पुन्हा गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पडदा काळा, पंखे फिरत होते, आणि मावशी कॅबिनेटवर हात टेकून उभी. टक. टक, टक.

"मावशी, तू ती परत लावलीस?"

ती दचकली नाही. "काढून ठेवली तर मी पळाले असं होईल," म्हणाली. "लागलेली असली की वाटतं, कधीही उघडून बघता येईल."

"मग बघ ना उघडून!"

"सोळा वर्षं तेच म्हणतेय."

मशीन सुरू व्हायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात तिनं मला सगळं सांगितलं. पूर्वी ती एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात ड्रॉइंग करायची. एका चार मजली इमारतीचं काम आलं होतं. तिसऱ्या मजल्यावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशा दोन गॅलऱ्या, भिंतीतून बाहेर काढलेल्या, खाली आधार नाही.

"हात पुढे करून बादली धरलीस तर ताण कुठे येतो? खांद्याच्या वरच्या बाजूला. गॅलरीचंही तसंच. लोखंड वर हवं. खाली घातलं तर असून नसल्यासारखं."

लोक राहायला आल्यावर दोन वर्षांनी डावी गॅलरी पडली. एक बाई कपडे वाळत घालत होती, ती गेली. चौकशी झाली. साहेबांनी ड्रॉइंग दाखवलं, त्यात दोन्हीकडे लोखंड वर होतं. मग दोष कोणाचा? सळई बांधणाऱ्या मिस्त्रीचा. तो सांगत राहिला, मला दिलेल्या कागदावर खाली होतं. त्याच्याकडचा कागद कोणी तरी आधीच घेऊन गेलं होतं. आठ महिने तो तुरुंगात होता, बांधकाम खात्याच्या काळ्या यादीत नाव गेलं ते वेगळंच.

"मग तुझं ड्रॉइंग बरोबरच होतं की."

"साहेबांच्या हातातला कागद मी लांबून बघितला होता," मावशी म्हणाली. "मी मापाचा आकडा रेघेच्या वर लिहिते. जन्मात कधी रेघ तोडून मध्ये लिहिलेला नाही. त्या कागदावर डाव्या गॅलरीचे आकडे रेघेच्या मध्ये होते. म्हणजे ती मागून दुसऱ्या कोणी तरी काढलेली."

साहेब तिला म्हणाले होते, तू काळजी करू नकोस, ड्रॉइंग बरोबर आहे. तिनं पुढे विचारलं नाही. पुढे साहेब वारले, ऑफिस बंद झालं. सामान निघालं तेव्हा तिनं आपल्या जुन्या मशीनची ही डिस्क मागून घेतली. साइटवर पाठवलेली मूळ फाइल तिच्यात होती. तेव्हापासून प्रत्येक नव्या मशीनमध्ये ती जायची. माझ्या मशीनमध्ये मला न सांगता गेली, एवढंच.

मावशी कधी कोणाच्या गॅलरीत पाऊल टाकत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. आमच्याकडे आली की दारातल्या खुर्चीत बसायची. आम्ही हसायचो, मावशीला उंचीची भीती वाटते म्हणून.

"मावशी, हिचे फार दिवस उरले नाहीत," मी म्हटलं. "महिना म्हण, आठवडा म्हण. मग मी तर सोड, कोणीच काही वाचू शकणार नाही. बघायचं नसेल तर आपोआप सुटशील. तुला काय हवं ते सांग."

तिनं कॅबिनेटवरचा हात काढून घेतला. मग म्हणाली, "आपोआप नको."

मरायला टेकलेली डिस्क उघडून बघायची नसते. आधी तिची नक्कल काढायची. जे वाचता येतं ते उचलायचं, जिथे अडते तिथून पुढे सरकायचं, मग उरलेल्यासाठी मागे यायचं. सोमवारी सकाळी दुकानात मी ती माझ्या मशीनला जोडली. तापू नये म्हणून समोर पंखा लावला. मावशी स्टुलावर बसून राहिली. मी जेवून घे म्हटलं, ऐकलं नाही. दुपारी तीनला आकडा एकसष्ट टक्क्यांवर थांबला आणि टकटक सुरू झाली, आता कापडाची घडीही नव्हती, सगळ्या दुकानात ऐकू यायची. एक गिऱ्हाईक म्हणालं, "ताई, आत कोणाला कोंडलंय का?" मी हसले. मावशी उठून बाहेर जाऊन उभी राहिली.

मंगळवारी दुपारपर्यंत एक्याण्णव टक्के हाती आलं. ती फाइल त्यात होती.

मावशीनं ती माझ्या खुर्चीत बसून उघडली. उजवी गॅलरी मोठी केली. लोखंडाची जाड रेघ वर होती. मग डावीकडे सरकली. रेघ खाली होती.

मला वाटलं होतं ती रडेल. ती कोणा परक्याचं काम तपासत असल्यासारखी पुढे वाकली. "उजवी काढून झाल्यावर सळया आरशासारख्या उलटवून डावीकडे टाकल्या. आरसा उभा धरायचा असतो. मी आडवा धरला. डावं-उजवं व्हायच्या ऐवजी वर-खाली झालं." मग तारीख बघितली. त्या मजल्याचा स्लॅब ओतण्याच्या दीड महिना आधीची. "एक क्लिक," ती म्हणाली. "मागे वळून बघितलंसुद्धा नसेन मी."

मिस्त्री कुठे असतो हे तिला ठाऊक होतं. सगळी वर्षं ठाऊक होतं.

पाडलेल्या इमारतींतून निघालेल्या वाकड्या सळया जिथे सरळ करतात, अशा एका वखारीत तो काम करत होता. उंच, पाठीत वाकलेला. एका ओंडक्यावर सळई धरून हातोड्यानं ठोकत होता. शेजारी त्याची बायको तारांचे तुकडे वेगळे करत बसली होती. मावशीनं आपण कोण ते सांगितलं आणि तिथेच, उभ्याउभ्याच, बोलली. "मिस्त्री, कागदावर लोखंड खाली होतं. मी काढलं होतं खाली. तुम्ही खरं बोलत होता."

बायको आधी उठली. "आता आलात? ह्यांची उभारी गेली, घर गेलं, पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हा कुठे होतात बाई?"

"घरी होते," मावशी म्हणाली.

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत तुम्ही लोकांनी!"

"अगं, थांब," मिस्त्री म्हणाला. त्यानं हातोडा खाली ठेवला आणि मावशीकडे बघितलं. "खाली होतं ना? नक्की?"

"नक्की. मी काल बघितलं."

"त्यांनी तो दुसरा कागद इतक्या वेळा दाखवला की मला वाटायला लागलं, माझेच डोळे फिरले. मीच उलटं बघितलं असेल." तो ओंडक्यावर बसला. "म्हणजे मी बघितलं होतं."

"हो."

"नाही, बाई, तुमच्या ध्यानात येत नाही." त्याचा आवाज खाली गेला. "त्याच्या आधी वीस वर्षं सळई बांधत होतो मी. गॅलरीचं लोखंड वर असतं हे मला कळत नव्हतं? मी सुपरवायझरला विचारलं. तो म्हणाला, शिकलेल्या माणसांनी काढलंय, कागदाप्रमाणे बांध. मी बांधलं. चुकीचं आहे हे कळत असताना बांधलं. इतकी वर्षं निदान एक आडोसा होता, की कदाचित माझी नजर चुकली असेल. आता तोही गेला."

बायको त्याच्याकडे बघत राहिली. हे तिनंही पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती हळूच खाली बसली.

वखारीच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी सळया ओतल्या, त्या आवाजानं मावशीनं डोळे गच्च मिटले. मिस्त्रीनंही मिटले होते.

पुढच्या आठवड्यात मावशी आणि मिस्त्री दोघं मिळून बांधकाम खात्याच्या कचेरीत गेली. मी नकलेची डिस्क आणि छापलेले कागद घेऊन सोबत होते. टेबलावरचा कारकून म्हणाला, प्रकरण बंद झालंय, साहेबही हयात नाहीत, कशाला उकरून काढता? मावशी म्हणाली, "पोच द्या. शिक्का मारून." दीड तास ती तिथून हलली नाही. शेवटी शिक्का मिळाला. पाच महिन्यांनी पत्र आलं. मिस्त्रीचं नाव काळ्या यादीतून काढलं होतं. मावशीबद्दल एकच ओळ होती: निवेदनाची नोंद घेण्यात आली आहे. तिनं ती दोनदा वाचली. "एवढंच?" म्हणाली. शिक्षा झाली असती तर बरं, असा चेहरा होता.

गेलेल्या बाईचा नवरा अजून त्याच इमारतीत, त्याच घरात राहतो. मावशी त्याच्याकडे एकटी वर गेली, मी खाली रस्त्यावर थांबले. मान वर केली तर तिसऱ्या मजल्यावर डावीकडे भिंतीचा एक उभा चौकोन बाकीच्यापेक्षा वेगळ्या रंगाचा होता. तिथे पूर्वी गॅलरीचं दार असणार.

अर्ध्या तासानं ती खाली आली. तशीच चालायला लागली. कोपऱ्यावर थांबून म्हणाली, "त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. एकच विचारलं. दर वर्षी ती गेली त्या तारखेला दुपारी फोन येतो आणि पलीकडून कोणी बोलत नाही, त्या तुम्हीच का?"

मी तिच्याकडे वळले. "तू फोन करायचीस?"

"नंबर चौकशीच्या कागदात होता. सांगायचं म्हणून लावायचे. मग तोंडच उघडायचं नाही. ते दोन-चारदा हॅलो म्हणायचे, मग तेही गप्प. मागे त्यांच्या घड्याळाचे ठोके पडायचे, तीनाचे, किंचित चिरके. मग मी ठेवून द्यायचे."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, मला वाटायचं तीच आहे." मावशीनं ओठ आवळले. "म्हणाले, कळत होतं ती नाही, पण वाट बघायचो. आता करू नका."

या वर्षी त्या तारखेला मी मुद्दाम दुकान बंद ठेवून तिच्याकडे गेले. ती काम करत होती, एका शाळेच्या जिन्याचं. मशीन सुरळीत चालत होतं. जेवणं झाली. मी उगीच इकडचं तिकडचं बोलत राहिले, ती हूं हूं करत राहिली. तीनला पाच-सहा मिनिटं असताना फोन वाजला.

तिनं उचलला. "हॅलो," म्हणाली. मग पुन्हा, "हॅलो?"

पलीकडून कोणी बोललं नाही. मी विचारायला तोंड उघडलं तर तिनं हातानं थांब म्हटलं. फोन कानाला तसाच लावून ती ताठ बसून राहिली, श्वाससुद्धा अडवल्यासारखी. घड्याळात तीन वाजले. थोड्या वेळानं पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

"कोण होतं?"

"तेच," ती म्हणाली. "ठोके पडले."

फोन जागेवर ठेवून ती पुन्हा पडद्याकडे वळली. पण संध्याकाळपर्यंत त्या जिन्याची एकही नवी रेघ तिनं काढली नाही.